लेनाची बाजू

लेना गेल्याचा फोन हॉस्पिटलच्या वॉर्डमधून आला, तेव्हा मी तिच्यासाठी पेज घेऊन निघतच होते. डबा हातात तसाच राहिला... तिचं खरं नाव आणि तिचा देश इथे लिहीत नाही, कारण तिचा एकुलता एक मुलगा अजून तिकडे सैन्यात आहे.

युद्ध सुरू झालं तेव्हा नॉटिंगहॅममधल्या आमच्या घराची वरची खोली आम्ही निर्वासितांसाठी देऊ केली आणि लेना आली. साठी उलटलेली, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली, भारी हट्टी. पोह्यांवर दही ओतून घ्यायची आणि वर मलाच विचारायची, हे असलं कोरडं तुमच्या घशाखाली उतरतं कसं? रविवारी आमच्याबरोबर बुद्धवंदनेला यायची आणि एक अक्षर न कळता डोळे मिटून बसायची. खोलीत तिनं दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते, एक राष्ट्राध्यक्षांचा, एक सरसेनापतींचा.

मग त्या दोघांचंच बिनसलं. वेढल्या गेलेल्या एका गावातून सैन्य मागे घ्या, नाहीतर पोरं फुकट मरतील, असं सेनापती म्हणत होते. हे गाव सोडलं तर शत्रू उद्या राजधानी मागेल, असं राष्ट्राध्यक्षांचं म्हणणं. शेवटी त्यांनी सेनापतींनाच काढून टाकलं. लेनाचा मुलगा आंतोन त्याच गावात होता.

त्या संध्याकाळी जेवताना माझा नवरा मिलिंद नको ते बोलून बसला. घटनेचा विषय निघाला की त्याला समोर कोण आहे याचं भान राहत नाही. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाचं सेनापतीनं ऐकायलाच हवं, नाहीतर रणगाडे संसदेच्या दारात येतात, असं त्यानं तिला समजावून सांगितलं. मला वाटलं, आता ही ताटावरून उठणार.

"यू आर राइट, मिलिंद," ती शांतपणे म्हणाली. "मी त्यांनाच व्होट दिलं होतं." मग जरा थांबून... "पण सेनापतींचंही बरोबर आहे. मी काय करू?"

मिलिंदनं दह्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

शहरातल्या तिच्या देशबांधवांत दोन तट पडले. दर शनिवारी चौकात जमणारी माणसं आता दोन बाजूंना उभी राहू लागली, आणि तू कुणाची असं तिला विचारू लागली. तिनं जायचंच सोडलं. तो सेनापतींचा फोटो काढत का नाहीस, असं मी एकदा विचारलं. आंतोन दोघांचाही सैनिक आहे, कुणाला दुखवू, असं ती म्हणाली. मला त्या दोन्ही फोटोंचा भयंकर राग यायचा. दोघंही आपापल्या जागी खरे, आणि पोरगा खंदकात.

पुढे आंतोनचे फोन बंद झाले. त्याच सुमारास तिचा बरा होत आलेला जुना आजार उलटला आणि तिला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. मुलाला यातलं काही कळवायचं नाही, असं तिनं आम्हाला निक्षून सांगितलं होतं. ती गेल्यावरही खंदकात बसलेल्या पोराला हे कसं लिहायचं, या विचारात आम्ही गप्पच राहिलो.

गेल्या आठवड्यात बातमी आली. गाव सोडायचा हुकूम निघाला होता, त्याच राष्ट्राध्यक्षांचा. पाठोपाठ मिलिंदच्या फोनवर आंतोनचा मेसेज आला: "मी सुखरूप बाहेर आलोय. आईचा फोन लागत नाही. तिला सांगाल?"

मिलिंद खुर्चीतून उठला आणि फोन हातात घेऊन जिना चढला. मी खालून बघत होते. त्यानं लेनाच्या बंद दारावर हळूच टकटक केलं, आणि नेहमीसारखा आतून आवाज यायची वाट बघत उभा राहिला.