रंभाची लवंगी आणि दामूचं कालवण

आटगावच्या रंभाला तिखट न सोसणाऱ्या माणसाचा मनापासून तिटकारा होता. जेवताना पाहुण्याने पाणी मागितलं की ती तांब्या सरकवून म्हणायची, "बाळाचे दात यायचेत अजून." लवंगी मिरची ती घरीच कांडायची आणि शेजारी खोकायला लागले की तिला धन्य वाटायचं. नवरा दामू कसाऱ्याच्या घाटात रेल्वेच्या रूळ-दुरुस्तीच्या गँगवर होता. लग्नापासून तो हा जाळ निमूट गिळत आला होता.

सत्त्याण्णव साली त्याला अल्सर निघाला. शहापूरच्या डॉक्टरांनी तिखट बंद केलं. "माझ्या हातचं खाऊन मेलंय कोण?" म्हणत रंभाने त्याच्यापुढे पिवळं वरण आपटलं. दामू दोन घास खाई आणि ताट सारी. महिन्याभरात त्याचा सदरा अंगावर लोंबू लागला.

तेव्हा धाकटी जाऊ श्वेता काश्मिरी मिरचीची पूड घेऊन आली.

"वयनी, ही जळजळत नाय. डाक्टरला इचारलंय, थोडी चालंल. डोळ्यांना पण चांगली, जीवनसत्त्व असतं हिच्यात."

"मंग चष्मा काढ नि कानाला मिरच्याच लाव! आमच्यात याला कुंकू म्हणतात."

श्वेताने तेल कोमट केलं, भांडं उतरवलं आणि मग पूड टाकली. तेल लालभडक झालं, गोडसर वास सुटला. त्यात उकडलेला बटाटा पडला. दामूने ताट बोटाने पुसून खाल्लं.

रंभाला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः केलं, पण धूर निघालेल्या तेलात पूड फेकली आणि ती काळी कडू झाली. "मिरची हाये का तान्हं पोर? एवढं जपायचं?" असं करवादतच ती शिकली.

वर्षाने दामू बरा झाला. रंभाने थाटात लवंगीचं मटण केलं. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ते कुंकवाचंच कालवण कर गो," तो म्हणाला.

रंभाने ते सगळं मटण एकटीने संपवलं आणि चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पुढे घरात कायमची दोन कालवणं शिजू लागली. कोणी दामूच्या भांड्याची चौकशी केली, की ती नाक मुरडून म्हणे, "आजाऱ्याचं हाये ते."

एका दुपारी श्वेता अवचित आली. रंभा चुलीपाशी बसून दामूचं भांडं भाकरीने निपटून खात होती.

"वयनी?"

"काय वयनी? भांडं घासाया सोपं जातं," रंभा म्हणाली आणि भाकरीचा अजून एक तुकडा मोडला.