साखरपाण्याचा पेला

पहाटे उपाशीपोटी वहिनीच्या अंगात कुणीतरी शिरायचं. अंगाला दरदरून घाम, डोळे परके, आणि दादालाच विचारायची, "तू कोण रे मेल्या?" साखरपाणी पाजलं की पुन्हा आमची वहिनी. दवाखान्यात शोभा नको म्हणून आई तिला आधी सरबत पाजायची. मग तपासणीत साखर ठीकच यायची. कर्म आमचं! शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिला दाखल करून मुद्दाम उपाशी ठेवलं. झटका आला तेव्हा रक्तातली साखर तळाला गेलेली, इन्सुलिन मात्र भरमसाट. स्वादुपिंडातली वाटाण्याएवढी गाठ ते ओतत होती. ती काढली, वहिनी बरी झाली.

दादा मात्र अजून पहाटे साखरपाण्याचा पेला घेऊन बसतो.

"आता कुणासाठी?" मी खेकसले.

तो म्हणाला, "ती दुसरी कुठं गेली असेल गं, उपाशी?"