गव्हाणीतला कडबा

मंडळी, आज रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना सांगितलं, एक चांगलं काम केलं की बाळ येशूच्या गव्हाणीत कडब्याची एक काडी टाकायची. मला लहानपणी शिंदखेड्याकडच्या गावात सिस्टरांनी असंच शिकवलं होतं. तेही सांगितलं.

साल बहात्तरच्या दुष्काळाचं. नाताळच्या आदल्या दिवशी बघतो तर गव्हाण रिकामी! वर्गातली मंजू रडत म्हणाली, "सिस्टर, मी बठ्ठा कडबा गायले टाकी दिधा. ती उपाशी शे."

सिस्टर रागावल्या नाहीत. बाळ येशूला त्यांनी नुसत्या फळीवर निजवलं. मूठभर कडब्यानं काय होणार? मंजूची गाय नाताळातच मेली.

एवढं ऐकून आज एका चिमुरडीनं विचारलं, "टीचर, मग मंजूच्या चांगल्या कामाची काडी कुठे टाकायची?"

 मंडळी, तुम्हीच सांगा, कुठे टाकायची?