दोनशे बारावं भोक

१४ नोव्हेंबर २००५, सोमवार. गॅलरी बंद असण्याचा वार. मिलानच्या एका संग्रहालयाकडून प्रदर्शनासाठी आणलेलं चित्र उतरवायचं, तपासायचं आणि खोक्यात घालायचं, एवढंच काम होतं. तिथली बाई मंगळवारी सकाळी नऊला ते न्यायला येणार होती.

कॉव्हेंट्रीतल्या त्या लहान गॅलरीत येणाऱ्या-जाणाऱ्या चित्रांच्या नोंदी ठेवणं ही माझी नोकरी. चित्र आलं की त्याच्या फोटोवर पारदर्शक फिल्म ठेवायची, प्रत्येक ओरखडा, तडा, डाग तिच्यावर खुणेनं उतरवायचा आणि खाली सही करायची. जाताना तीच फिल्म घेऊन पुन्हा सगळं पाहायचं. या चित्रात डाग नव्हते, भोकं होती. पांढऱ्या कॅनव्हासवर मोची वापरतात तसल्या आरीनं पाडलेली दोनशे अकरा भोकं. सप्टेंबरात ती मी एकेक करून उतरवली होती.

सोमवारी दोनशे बारा भरली.

तीनदा मोजली. मग टेक्निशियनला मोजायला लावली. चित्रं टांगणारा-उतरवणारा हा माणूस माझ्याबरोबर आठ वर्षं काम करत होता.

"बारा," तो म्हणाला. "तू आधी चुकली असशील."

"मी चुकत नाही."

"ते माहितीये. म्हणून तर घाम फुटलाय. ड्रिल माझ्या हातात असतं, पहिलं नाव माझंच घेतील."

मी टॉर्च धरला. बाकीची भोकं मागच्या बाजूनं पाडलेली, त्यांच्या कडा पुढे उचललेल्या आणि चाळीसेक वर्षांच्या धुळीनं करड्या झालेल्या. खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या एकाची कड आत दबलेली होती आणि स्वच्छ होती. कुणीतरी ते समोरून टोचलं होतं, तेही सराईत हातानं.

"ड्रिल नाही," मी म्हटलं. "जा, चहा पी."

कोण ते मला कळलं होतं. चित्रकार गावातच राहत होता. इटलीतल्या एका मोच्याचा मुलगा, बापाच्या दुकानात आरी चालवायला शिकला, पुढे मिलानला जाऊन त्याच आरीनं कॅनव्हास टोचू लागला. पहिल्या प्रदर्शनात लोक हसले. दुसऱ्या वेळी वर्तमानपत्रांनी दखल घेतली आणि पाच-सहा जणांचा एक गट जमला. पुढे गटात भांडणं झाली. एका इंग्रज बाईशी लग्न करून तो इकडे आला, आर्ट कॉलेजात तीस वर्षं शिकवलं आणि विसरला गेला. आता ऐंशी ओलांडल्यावर हे त्याचं पहिलं मोठं प्रदर्शन होतं. दर गुरुवारी येऊन तो या चित्रासमोर उभा राहायचा.

उभा राहायचा, हीच माझी अडचण होती. गुडघे थरथरणारा म्हातारा माणूस समोर, आणि त्याला चित्रापुढच्या दोरीमागे राहा म्हणायचं, हे माझ्यानं झालं नाही. गेल्या गुरुवारी मी खुर्ची आणून दोरीच्या आत ठेवली. शिवाय रखवालदाराला त्याच्यासाठी पाणी आणायला पाठवून मी माझ्या कामाला गेले. त्या चुकीवरून नोकरी जाऊ शकते, आणि गेली असती तर तक्रार करायला मला जागा नव्हती.

दुपारी गाडी काढून त्याच्या घरी गेले. दार त्यानंच उघडलं.

"मोजलीत?" त्यानं विचारलं.

"मोजणं हेच माझं काम आहे. का केलंत?"

"एक राहिलं होतं, सिन्योरा. गटातून बाहेर पडलो त्या आठवड्यात माझी चित्रं विकणारा माणूस स्टुडिओतून चित्र उचलून घेऊन गेला. मी जेवायला गेलो होतो."

"मग आत्ता दिसतंय तसंच लिहिते."

"लिहिलंत तर मिलानवाले ते बुजवतील. त्यांच्याकडे चित्रं दुरुस्त करणाऱ्या फार हुशार मुली आहेत, बुजवलेलं कळणारसुद्धा नाही." तो खाली बसला. "रिपोर्ट तुम्ही पेन्सिलीनं करता. मी पाहिलंय."

"चित्राजवळ पेन नेत नाहीत म्हणून. खोडायला सोपं जावं म्हणून नाही."

"एक ठिपका आहे तो."

"तो ठिपका पहिल्यापासून होता असं दाखवायला मला दोनशे बारा भोकांची नवी फिल्म करावी लागेल, त्यावर सप्टेंबरची तारीख घालावी लागेल. उद्या दुसऱ्या कुणाला तो सापडला की माझ्या टेक्निशियनच्या ड्रिलवर आळ येईल. आणि चित्र तुम्ही केलंत, पण ते तुमचं नाही. तुम्हाला हे माझ्याआधी माहीत होतं, नाहीतर रखवालदार पाणी आणायला जायची वाट कशाला पाहिलीत?"

मग तो म्हणाला, "खुर्चीचंही लिहाल?"

"खुर्ची मीच दिली होती."

"त्या खुर्चीत बसल्यावरच हात पोचला," तो म्हणाला. माफी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. निघताना एवढंच सांगितलं की बुजवायचं की ठेवायचं हे ते ठरवतील, पण भोक कुणी पाडलं आणि का, हे त्यांनी त्याच्या तोंडून ऐकलं पाहिजे. सकाळी आठला घ्यायला येईन म्हटलं, यायचं की नाही ते त्याच्यावर सोडलं.

संध्याकाळी रिपोर्ट पुरा केला. नवं भोक, त्याची जागा, कड, पाडणाऱ्याचं नाव. खाली खुर्ची आणि पाणी, माझ्या नावासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी त्याची बेल वाजवली. तो कोट घालून तयार होता. त्याला गॅलरीत आणलं, दोरीच्या बाहेर खुर्ची देऊन बसवलं. नऊला मिलानची बाई आली. तिनं हातमोजे काढायच्या आत मी रिपोर्ट तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "आधी शेवटचं पान वाचा. मग यांच्याशी बोला."