मामंजींच्या पट्ट्यावरचा लाल लेप

नातू सायकलच्या साखळीला तेल देतो, तेव्हा त्या वासासरशी मला मामंजींचा वस्तरा आठवतो. डोणगावात नवी सून होऊन आलेली मी स्वतःला फार हुशार समजत होते. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, हा नियम तर मी आरतीसारखा पाळायची. मामंजींना डॉक्टरांनी घरी पाठवून दिलं होतं, म्हणजे आशा संपली होती. जन्मात त्यांनी न्हाव्याचा हात गालाला लागू दिला नव्हता. एका सकाळी त्यांच्या हातात थोडा जोर आला, तशा सासूबाई म्हणाल्या, "आज सोताच दाढी करतो म्हणतात. जाय, पट्ट्याले लेप लावून दे." वस्तऱ्याला धार देण्याच्या त्या चामडी पट्ट्यावर तेलकट लाल लेप नखभरच चोळायचा असतो. पण ते मला ठाऊक नव्हतं; मामंजींना विचारायचं कसं, अन् सासूबाईंना विचारणं मला कमीपणाचं वाटलं. मी अख्खी डबी थापली. पट्टा पाहून मामंजी हसले. "काऊन वं पोरी, पुरणपोळीवर तूप वाढलं का?" मग सुरीच्या पाठीनं ते लेप खरवडत बसले. निम्मा निघेतो हात थरथरू लागला. वस्तरा मिटून ते म्हणाले, "राहू दे. न्हाव्याले बोलवा." न्हावी दाढी करत होता, तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. पुन्हा त्यांनी वस्तरा मागितला नाही. 'चुकलं, मामंजी' एवढंही मी पदराआडून बोलले नाही. आता माझं तोंड दिवसभर बंद नसतं, अन् ऐकायला ते नाहीत.