दिवस मावळायच्या आत

आक्का कुणाच्याही घरात रिकाम्या हातानं बसत नसत. घरात शिरल्या, की त्या घरातली बाई काय करते आहे ते आधी बघायच्या आणि तिच्यासमोर बसून त्याच कामाला लागायच्या. ती तांदूळ निवडत असेल तर तांदूळ, गोधडीला टाके घालत असेल तर सुई. निपाणीच्या ज्या गल्लीत आमचं फील्डवर्क होतं तिथं बहुतेक घरांत विड्या वळायचं काम चाले. त्यामुळे आक्का बहुधा कात्री आणि पत्र्याचा साचा घेऊन पानं कापत बसलेल्या दिसायच्या. पानं मोजताना ओठांवर कन्नड असे. सदलग्याच्या जैन घरातल्या त्या. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषांत सारखंच कमी बोलणं.

"हात रिकामे ठिवून बसलेला माणूस चौकशीला आल्यागत दिसतोय," त्या म्हणायच्या. "आपण चौकशीला गेलेलो न्हाय."

मी तेव्हा बेळगावात एम.एस.डब्ल्यू. करत होते. युवक आणि समुदाय विकास हा विषय घेतला होता. आठवड्यातले दोन दिवस वस्तीत काम करायचं, त्याचा अहवाल लिहायचा, आणि सोमवारच्या बैठकीत तो सगळ्यांसमोर वाचायचा. आक्का आमच्या पर्यवेक्षक होत्या. कागदोपत्री त्या मॅडम. पण गल्ली त्यांना आक्का म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. कंग्राळीला आमच्या घरी या शिक्षणाचं कुणाला विशेष वाटलं नव्हतं. बाबा म्हणाले होते, "समाजसेवा दोन वर्षं शिकायची? ती काय शिकून येतीया?" मी हे आक्कांना सांगितलं. त्या बराच वेळ हसल्या आणि म्हणाल्या, "बाबांना सांग, शिकून येत न्हाईच. पण न शिकता केली तर लोकांना लई तरास हुतोय."

अहवाल त्या हिरव्या पेन्सिलीनं तपासायच्या. 'लोक अशिक्षित आहेत' असं मी लिहिलं की समासात 'कोण लोक?' एवढंच यायचं. एकदा मी लिहिलं, 'महिलेस समुपदेशन केले.' खाली हिरव्या अक्षरात होतं, 'म्हणजे काय बोललीस? आणि ती काय बोलली?' मी आठवून पाहिलं. ती बाई म्हणाली होती, "बाई, जरा सरकून बसा, उजेड अडतोय." तेवढंच मी नव्यानं लिहून दिलं. त्या अहवालावर पहिल्यांदा काही खूण नव्हती.

त्यांचा डबा साडेपाचला उघडायचा. सूर्य मावळल्यावर त्या अन्न घेत नसत. पण त्याचा कधी बोभाटा नव्हता. गल्लीतून निघून आम्ही स्टँडवर यायचो, त्या बाकावर बसून भाकरी आणि चटणी खायच्या, आणि मग बेळगावची बस. हिवाळ्यात दिवस लहान झाला की डबा पाचला उघडायचा. आम्ही घड्याळ न बघता त्यांच्या डब्यावरून वेळ ओळखायचो.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट बजावली होती. अहवालात कुणाचं नाव घालायचं नाही. घराचं वर्णनही असं करायचं नाही, की गल्लीतल्या माणसाला ते घर ओळखू येईल. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या होत्या.

गल्लीतल्या मुलींचा एक गट आम्ही दर शनिवारी घ्यायचो. त्यात अठरा वर्षांची एक मुलगी होती. आईबरोबर विड्या वळायची, वडील नव्हते, थोरला भाऊ टेम्पो चालवायचा. दहावीनंतर तिची शाळा सुटली होती. एका शनिवारी बाकीच्या गेल्यावर तिनं मला सांगितलं, की तिनं बाहेरून बारावीला बसायचा फॉर्म भरला आहे. पुढं नर्सिंगला जायचं आहे. घरात कुणाला ठाऊक नाही; परीक्षा झाल्यावर सांगणार. "तुमालाच सांगितलंय," ती म्हणाली.

मी तो अहवाल दोनदा लिहिला. कच्च्या प्रतीत तिला 'क' म्हटलं होतं. पक्की प्रत करताना ते अक्षर मला तुसडं वाटलं. इतकं मोठं काहीतरी करणारी मुलगी नुसती 'क' कशी असेल? मी तिचं नाव लिहिलं. त्या सोमवारी आक्का कामानं धारवाडला गेल्या होत्या, अहवाल त्यांनी पाहिला नव्हता. बैठक आम्ही मुलांनीच घेतली आणि मी तो मोठ्यानं वाचला. आमच्यातल्या एका मुलाची आत्या त्याच गल्लीत राहायची. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तिच्याकडे जेवायला गेला असताना त्यानं कौतुकानं सांगितलं. दोन दिवसांत गोष्ट भावापर्यंत गेली.

शनिवारी ती गटाला आली नाही. तिच्या घराचं दार पुढं केलेलं होतं.

आक्का परतल्यावर मी सगळं सांगितलं. त्या रागावतील म्हणून मी उभीच होते. त्यांनी बसायला सांगितलं.

"कच्च्यात काय लिहिलंतंस?"

"क."

"मग?"

"क म्हणजे ती कुणीच नाही, असं वाटलं."

आक्का म्हणाल्या, "नाव तिचं हाय गं. तिनं ते आपल्याला वापराय दिलेलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. तिची आई पानं कापत होती. तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. आक्का समोर बसल्या, दुसरी कात्री घेतली. दोन-अडीच तास कुणी काही बोललं नाही. पाच वाजले, साडेपाच झाले. डब्याची पिशवी माझ्या मांडीवर होती. दारातलं ऊन उंबऱ्यावरून निघून गेलं तेव्हा आईच म्हणाली, "आक्का, दिवस मावळला की. तुमचं जेवण?"

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाल्या.

तेवढ्यात भाऊ आला. चपला न काढता दारात उभा राहिला. "आक्का, तुमी शिकलेली माणसं. आमच्या घरातलं कालिजात वाचून दावता व्हय?"

"व्हय. वाचलं. चूक आमची हाय."

"कुणी वाचलं?"

मी उठायला लागले. आक्कांनी मान वर केली नाही, नुसता डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "माझ्या हाताखालचं काम हाय ते. मीच वाचलं म्हणायचं."

"चोरून फारम भरतीया! सगळी गल्ली हसाय लागलीया. मला आधी इचारलं असतं तर..."

"इचारलं असतं तर भरू दिला असतास?" आतून आवाज आला. ती दिसत नव्हती.

आक्कांनी परीक्षेचा विषय काढला. तिला परीक्षेला बसू दे, पुढचं पुढं बघू, म्हणाल्या. तो ऐकून घेत होता, कारण आक्कांना उलट बोलायची गल्लीत कुणाची रीत नव्हती. पण त्याचं ठरलेलं होतं. परीक्षा मार्चमध्ये होती आणि तिचं लग्न फेब्रुवारीत झालं.

त्या संध्याकाळी बसमध्ये आक्कांनी डबा मांडीवर घेतला होता. तो तसाच भरलेला घरी गेला. मी खिडकीला डोकं टेकून होते. संकेश्वर गेल्यावर त्या म्हणाल्या, "शनिवारी यायचंस. त्या घरी. चूक झाल्यावर वाट बदलायची न्हाय."

मी वर्ष संपेपर्यंत दर शनिवारी त्या घरी गेले. पहिले दोन शनिवार नुसतीच बसले. तिसऱ्या शनिवारी तिच्या आईनं न बोलता कात्री माझ्याकडं सरकवली. त्यानंतरही आम्ही फारसं बोललो नाही. मला पानं नीट कापता यायला लागली. लग्नानंतर ती मुलगी मला तिथं कधी भेटली नाही.

आता मी तोच विषय शिकवते आणि फील्डवर्कचे अहवाल तपासते. यंदा दिवाळीनंतर आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यापुढं एका विद्यार्थिनीचा अहवाल होता. मी तो पूर्ण वाचला, दोन ठिकाणी खुणा केल्या, मग बाजूला ठेवला. दोन दिवस तास घेतले. तिसऱ्या दिवशी सदलग्याला गेले. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. आजही आलेलं नाही.

घरात बायका बसल्या होत्या. पडवीत भुईमुगाच्या शेंगांची बुट्टी होती आणि कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. मी भिंतीशी बसून शेंगा फोडायला लागले. थोड्या वेळानं एक बाई समोर येऊन बसली आणि तिनंही मूठभर शेंगा घेतल्या. तिनं डोक्यावरचा पदर मागं घेतला तेव्हा मी ओळखलं. जवळच्याच गावात दिलेली होती. दोन मुलं झाल्यावर बाहेरून बारावी झाली, असं तिनंच सांगितलं. आक्का सुट्टीत गावी आल्या की तिचा अभ्यास घ्यायच्या. नर्सिंगचं वय तोवर गेलं होतं. ती अंगणवाडीत होती. आक्कांनी यातलं मला कधी काही सांगितलं नव्हतं. त्या कुणाचंच कुणाला सांगत नसत.

"तुमी शिकवता म्हणं आता," ती म्हणाली.

"हो."

"पोरांस्नी नावं लिवू देता?"

"नाही."

"बरं." तिनं आणखी मूठभर शेंगा उचलल्या.

बुट्टी अर्धी झाली. शेजारच्या घरून भाकऱ्या आणि दोडक्याची भाजी आली, पण कुणी हात लावत नव्हतं. माझी तर जेवायची मुळीच इच्छा नव्हती. तिनं दाराकडं पाहिलं, पदरातली टरफलं झाडली आणि एका ताटलीत भाकरी घालून माझ्यापुढं ठेवली.

"जेवा," ती म्हणाली. "दिवस मावळाय लागलाय. मागं एकदा तुमच्या-माझ्यापायी त्यांचं ऱ्हायलंतं."

मी जेवले. चव लागली नाही. ती माझ्यासमोर बसून आपली भाकरी खात होती. ताटल्या धुऊन पालथ्या घातल्या तेव्हा बाहेर अजून उजेड होता.