टाळीकाकांचा झोपाळू कॉम्प्युटर

आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमध्ये रोज दुपारी चारच्या सुमाराला तीन टाळ्या ऐकू यायच्या. नवीन राहायला आलेल्यांना वाटायचं, कोणीतरी कबुतरं हाकलतंय. कबुतरं कसली! दुसऱ्या मजल्यावरचे टाळीकाका आपला कॉम्प्युटर झोपेतून उठवत असायचे.

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची गरज पोस्टमनलाच पडायची. बाकी सगळ्यांचे ते टाळीकाका. कंपनीतून रिटायर झाल्यावर त्यांनी हा डेस्कटॉप घेतला, एका बोटाने मराठी टाइप करायला शिकले आणि त्या दिवसापासून बिल्डिंगला सूचना देत सुटले. सोसायटीत त्यांना कसलंही पद नव्हतं. तरी रोज सकाळी जिन्याशी एक ताजी सूचना चिकटलेली असायची. 'गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्यांनी कावळ्यांशी परस्पर मिटवावे.' 'जिन्यात चपला काढणाऱ्यांनी त्या कधीतरी घालाव्यातही.' एकदा नुसतंच, 'तिसऱ्या मजल्यावर काल भरली वांगी झाली होती. वास सर्वांना आला. वांगी कोणालाच आली नाहीत.' संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून डबा आला. काका म्हणाले, "बघ नित्या, लेखणीची ताकद!"

नित्या म्हणजे मी. त्यांच्या समोरच्याच दारात राहायचो आणि आयटीत नोकरी करायचो. त्यामुळे हा कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडला होता. आयटीत माझं काम काय, हे काकांनी कधी विचारलं नाही. डॉक्टर म्हटलं की झालं, डोळ्यांचा की दातांचा, कोण बघतो?

दुखणं असं होतं. काका दुपारी जेवून आडवे होण्याआधी कॉम्प्युटरचं पुढचं बटण दाबून त्यालाही झोपवायचे. "मी झोपणार आणि हा जागा राहणार? आपल्या घराची ती रीत नाही." पूर्ण बंद करा म्हटलं तर अंगावर यायचे. "चालत्या गोष्टीला 'बंद' म्हणू नये रे. दुकानसुद्धा आपण वाढवतो, बंद नाही करत." मग चार वाजता काकू स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, "अहो, उठा, चहा झालाय!" काका उठायचे आणि बटण दाबायचे. आत पंखा घरघरायचा, दिवा लागायचा आणि स्क्रीन मात्र काळाठिक्कर. मग तीन टाळ्या. तरी नाही उठला तर डब्याच्या डोक्यात एक चापट. कधी उठायचा, कधी ढिम्म. ढिम्म असला की प्लग उपटायचा आणि अर्धवट लिहिलेली सूचना गेली बाराच्या भावात. चापटीनंतर उठला तरी श्रेय कायम टाळीला मिळायचं.

मी काय काय नाही केलं! झोपेची सगळी सेटिंग बदलून पाहिली. रॅम काढून खोडरबराने घासली. बोर्डावरचा सेल बदलला. वीज पुरवणारा आतला डबाच नवा बसवला. दर वेळी वाटायचं, झालं, सुटलो एकदाचा. आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता टाळ्या. काकू मला पोहे देताना म्हणायच्या, "तू नको रे मनाला लावून घेऊस. आमच्याकडे कोणीच एका हाकेत उठत नाही."

मग आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. प्रत्येकाने भाड्याची जागा शोधली. कोणी आंबिवलीला गेलं, कोणी कळव्याला. काका-काकूंसाठी त्यांच्या मुलीने, मंजूताईने, डोंबिवलीत दोन खोल्या बघितल्या. मंजूताई म्हणजे तोंडाने फटकळ आणि बापावर जीव. ती म्हणाली, "बाबा, तो डबा तिकडे येणार नाही. मी लॅपटॉप देते."

काकांचा चेहरा एवढासा झाला. त्यांचा मराठी टाइप करायचा प्रोग्राम जुना होता, तो फक्त याच मशीनवर चालायचा. "मंजू, या वयात मी बोट बदलू होय गं?" शेवटी तह झाला. रविवारी मंजूताईसमोर कॉम्प्युटर झोपवायचा. चार वाजता उठला तर टेम्पोत, नाही उठला तर भंगारात. प्लग उपटायचा नाही.

त्या दुपारी काका खरोखर घोरले. घोरत नव्हतो तो फक्त मी. चार वाजले, चहा झाला, काका आले. देवाला हात जोडावेत तसे कॉम्प्युटरला जोडले आणि बटण दाबलं. घरघर. दिवा. काळाठिक्कर. तीन टाळ्या. चापट. आणखी तीन टाळ्या. मंजूताई खिडकीपाशी गेली आणि खाली बोलावून ठेवलेल्या भंगारवाल्याला तिने "ओ भैया" म्हणून हाक मारली. काका टाळीसाठी उचललेले हात तसेच मांडीवर ठेवून बसले. मला ते बघवेना.

काहीतरी करायचं म्हणून मी खाली बसलो आणि मशीनचं पुढचं प्लास्टिकचं झाकण ओढून काढलं. आजवर मी कायम मागून आणि बाजूने उघडलेलं, पुढून कधीच नाही. झाकण निघालं आणि बटणामागून टपटप लाल तांदूळ पडले. मागोमाग झेंडूची एक वाळकी पाकळी.

काकू ओरडल्या, "अहो, या तुमच्या दसऱ्याच्या अक्षता!"

काका दर दसऱ्याला कॉम्प्युटरची यथासांग पूजा करायचे. आणि हळदकुंकू, अक्षता नेमक्या त्या बटणावर दाबून लावायचे. इतक्या वर्षांच्या अक्षता फटीतून आत जाऊन बसलेल्या. बटण दाबलं की दाण्यात अडकून दाबलेलंच राहायचं आणि बिचाऱ्या मशीनला कळेना की उठायचं की झोपायचं. चापटीने एखादा दाणा हलला तर सुटका.

"बटणावर कशाला हो?" मी जवळजवळ रडकुंडीला आलो होतो.

"मग कपाळ कुठाय त्याला?" काका म्हणाले.

मंजूताई जी हसायला लागली ती भिंतीला टेकून खालीच बसली. मी बटण साफ केलं, दाबलं आणि कॉम्प्युटर उठला. भंगारवाल्याला चहा देऊन परत पाठवलं. टेम्पोत फ्रिज मागे गेला, कपाट मागे गेलं आणि हा डबा पुढे ड्रायव्हरशेजारी, काकांच्या मांडीवर बसून डोंबिवलीला गेला.

अक्षता निघाल्या तरी टाळ्या काही थांबल्या नाहीत. मशीन म्हातारं. बटण दाबल्यावर स्क्रीन उजळायला थोडा वेळ घ्यायचंच. तेवढ्यात काका तीन टाळ्या वाजवून घ्यायचे. मी एकदा समजावायला गेलो तर म्हणाले, "तू दाणे काढलेस, मान्य. पण दाणे काढून कोणी उठतं का? उठवावं लागतं."

गेल्या वर्षी एका दुपारी काका जेवून झोपले आणि चार वाजता उठलेच नाहीत. काकूंनी दोनदा हाक मारली म्हणे. मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो, आणि सांगायला लाज कसली, तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडलो.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं. "त्या दिवशी यांनी त्यालाही झोपवलंय. मी हात नाही लावला. जरा बघतोस?" मी बटण दाबलं. पंखा घरघरला, दिवा लागला. स्क्रीन काळा. मी बसून राहिलो. एवढी मशीन्स बघितली, पण अशी धाकधूक कधी झाली नव्हती.

काकू पदराला हात पुसत आल्या. इतकी वर्षं ज्या टाळ्यांना नावं ठेवली, त्याच तीन टाळ्या त्यांनी वाजवल्या आणि म्हणाल्या, "उठा, चहा झालाय."

स्क्रीन उजळला. त्यावर डोंबिवलीच्या दारासाठी लिहायला घेतलेली सूचना होती. 'दुपारी दोन ते चार या वेळेत कोणीही बेल वाजवू नये. तातडीचे काम असल्यास' आणि पुढे कोरं.

"पुढे काय लिहायचं होतं रे यांना?" काकूंनी विचारलं. काकू खुर्चीवर बसल्या, चष्मा लावला आणि एका बोटाने अक्षरं शोधत शोधत त्यांनी वाक्य पुरं केलं. 'टाळी वाजवावी.'

तो कागद अजून दारावर आहे. मी डोंबिवलीला गेलो की बेल वाजवत नाही. शेजारची माणसं दार किलकिलं करून बघतात, बघोत बापडी. आतून काकूंचा आवाज येतो, "आले रे नित्या!"